पोळा, पुरणपोळी आणि कातीव लाटणे

सूर्याचे प्रखर तेज सोसवेना म्हणून त्याची पत्नी संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली, ही कथा पुराणप्रेमी वाचकांस परिचित आहे. तिचा पिता विश्वकर्मा. लेकीचा संसार मार्गी लागावा म्हणून त्याने जावयालाच यंत्रावर चढविले, गरगरा फिरविले आणि त्याचे तेज तासून सौम्य केले. विष्णुपुराण सांगते की, तासला गेला तो तेजाचा आठवा अंश. आणि त्या तासातूनच विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी देवांची आयुधे घडली. पुराणकाराने त्या यंत्रास ‘भ्रमि’ असे म्हटले आहे. वस्तू फिरती ठेवायची, धार स्थिर ठेवायची आणि त्यातून गोलाई काढायची, ही युक्ती आपल्या देशात किती जुनी व किती परिचयाची असली पाहिजे, याचा हा बोलका पुरावा होय. श्रोत्यांनी असे यंत्र कधी पाहिलेच नसते, तर कथेकऱ्याने सूर्याला त्यावर चढविण्याचे धाडस केले नसते.

मराठीत या यंत्रास ‘सांगाडा’ आणि ते चालविणाऱ्यास ‘कातारी’ असे जुने शब्द आहेत. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरी कानांस ‘खराद’ व ‘खरादी’ हेही परके नाहीत, आणि आता तर सर्वत्र ‘लेथ’ रुळला आहे. एखाद्या रेखीव देहाला आपले लेखक ‘कातीव’ म्हणतात, तेव्हा त्या विशेषणाचे माहेर कोणत्या भुश्शाने भरलेल्या खोलीत आहे, याची त्यांना आठवण असतेच असे नाही. पोळ्याच्या निमित्ताने बैलांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि तसे ते लिहिले जावे. आज मात्र त्या बैलाच्या मुखी जाणारी पुरणपोळी ज्या वस्तूखालून जाते, त्या लाटण्याविषयी थोडेसे लिहावे असा मानस आहे.

श्रावणी अमावास्येस पोळा. त्याच तिथीस पिठोरी, म्हणजे जिच्या नावातच पीठ आहे अशी, मातांनी आपल्या लेकरांसाठी करावयाच्या व्रताची अमावास्या. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात तान्हा पोळा. त्या दिवशी बालगोपाळ लाकडी नंदी सजवून मिरवितात. या प्रथेचा प्रारंभ नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांच्या काळाशी, सन १८०६ शी जोडला जातो. त्याच दिवशी इतवारी-महालच्या भागातून मारबतींच्या मिरवणुका निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. रोगराई आणि अरिष्टे गावाबाहेर घालविण्याचा हा सोहळा पाहावयास लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निराळे सांगावयास नको.

या सणाचे सामान घ्यावयास जुन्या नागपुरात जाणाऱ्याची वाट बहुधा गांधीबागेवरून जाते. एका अंगास सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूची वर्दळ, आत घाऊक कापडबाजाराच्या गल्ल्या आणि जवळच मूर्तिकारांची चितार ओळ. मेट्रोची गाडी डिसेंबर २०२२ पासून या मार्गाने धावू लागली तेव्हा तिच्या एका स्थानकास ‘चितार ओळ’ चौकाचेच नाव मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. (गंमत अशी की, सावंतवाडीतही ‘चितार आळी’ आहे आणि तिची कीर्ती लाकडी फळे व खेळणी यांसाठी, आपली चितार ओळ प्रसिद्ध आहे ती मातीच्या मूर्तींसाठी. नाव एक, द्रव्य निराळे.) सणाच्या आधीच्या दिवसांत या जुन्या पेठांतून लहानमोठे लाकडी नंदी मांडले जातात. गृहिणीची एक नजर नंदीवर असते, तर दुसरी पोळपाट-लाटण्यावर. नंदीची चाके आणि लाटणे ही दोन्ही सांगाड्याचीच अपत्ये. हे नाते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

प्रथम एक शंका. पोळी करावयास लाटणे अपरिहार्य आहे काय? नाही. नागपूरकडची मडक्यावर भाजली जाणारी लांब पोळी, जिला पुष्कळजण लंबी रोटी म्हणतात, ती हातांवरच झुलवीत झुलवीत मोठी केली जाते. खानदेशातील मांडेही हातांवरच फुलतात. ही कामे ज्यांना साधली आहेत त्यांना लाटण्याचे देणे नाही. पण पुरणपोळीचे तसे नाही. कणकेच्या पातळ आवरणात तिच्याहून अधिक पुरण कोंडलेले असते. लाटणे कोठे अधिक दाबले गेले की आवरण फाटते, पुरण तव्यावर येते आणि करपते. म्हणून येथे लाटणाऱ्या हाताइतकीच लाटण्याच्या सरळपणाचीही परीक्षा असते. फुलक्यासाठी मधोमध किंचित फुगीर व टोकांकडे निमुळते लाटणे सोयीचे. त्याच्याखाली फुलका आपोआप फिरतो. उडदाच्या घट्ट पिठाचे पापड पसरावयास रेघा पाडलेले लाटणे बरे. पुरणपोळीसाठी मात्र मधला पोट सुटलेला भाग नडतो. तो पोळीच्या नेमक्या मध्यावर, जेथे पुरण सर्वाधिक असते तेथे, भार टाकतो. सरळ, एकसारख्या जाडीचे आणि जरा वजनदार लाटणे असावे, म्हणजे हाताने दाबण्याऐवजी ते स्वतःच्या भारानेच काम करते, असे आमचे मत आहे. मतभेदास अर्थातच जागा आहे. घरोघरच्या सासवा-सुनांत तो आहेही.

आता ते घडते कसे ते पाहू.

साधारण सव्वा फूट लांबीचा, दीड-दोन इंच जाडीचा चौकोनी तुकडा घेतात. त्याच्या दोन्ही तोंडांवर कोपऱ्यांतून कर्णरेषा मारल्या की त्या जेथे छेदतात तो मध्य. या मध्यावर सगळे अवलंबून. तो केसभर चुकला तरी तुकडा फिरताना थरथरतो आणि कातणाऱ्याच्या मनगटास ते प्रथम कळते. नंतर तुकड्याच्या चार धारा तासून त्यास अठपैलू करतात. कारण चौकोनी लाकूड तसेच फिरवले तर प्रत्येक कोपरा पटाशीवर हातोड्यासारखा आदळतो. मग तो तुकडा सांगाड्याच्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये आवळून बसवितात. टोकांना तेलाचा थेंब देण्याची रीत आहे, नाही तर घर्षणाने लाकूड जळते आणि धूर निघतो. चांगल्या कातलेल्या लाटण्याच्या दोन्ही बाजूंस मध्यभागी जी बारीक खूण दिसते, ती या टोकांची. क्वचित ती मेणाने वा भुशाने भरून लपवितात. तसे करण्याचे कारण नाही. ती त्याची जन्मखूण आहे.

यंत्र सुरू झाले की प्रथम नाळीसारख्या पोकळ धारेची पटाशी. ती हातात नुसती धरून चालत नाही. तुकड्यासमोर, त्याच्या अगदी जवळ, एक आडवा टेकू असतो. पटाशीचा दांडा त्यावर टेकवून, धार किंचित वर रोखून, ती एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकवीत नेतात. टेकू आणि लाकूड यांत अंतर राहिले की पटाशी आत ओढली जाते आणि लाकडाचा लचका तुटतो. पहिल्या काही फेऱ्यांत जाड ढलप्या उडतात, आवाज खडबडीत असतो. अठपैलूचा गोल होऊ लागला की आवाज बदलतो. खडखड जाऊन एकसारखी सळसळ येते. जाणता कातारी डोळ्याइतकाच या आवाजावर विसंबतो. मग तिरक्या धारेची पटाशी येते. ती खरवडत नाही, सोलते; लांबच लांब, कागदासारखी पातळ सालपटे तिच्या धारेवरून हातावर येऊन पडतात. या सोलण्याने जो गुळगुळीतपणा येतो तो घासकागदाने येत नाही. घासकागद लाकडाचे तंतू चिरडतो. पाणी लागले की ते उभे राहतात आणि लाटणे खरखरीत होते. धारेने कापलेला तंतू मात्र निजलेलाच राहतो. घाईच्या कामात पटाशीचे काम अर्धे सोडून उरलेले घासकागदावर ढकलतात. दुकानात दोन्ही लाटणी सारखीच चकचकीत दिसतात. फरक घरी, पहिल्या धुण्यानंतर कळतो. शेवटी यंत्र फिरत असतानाच त्याच लाकडाची मूठभर सालपटे त्यावर दाबून धरतात. लाकडाने लाकूड घासले जाऊन जी मंद झळाळी येते, तिला कोणत्याही रोगणाची गरज नसते.

हे सर्व काम सरावलेल्या हातास काही मिनिटांचे. वाचकांस वाटेल, मग यात अवघड ते काय? अवघड भाग यंत्रावर चढण्यापूर्वीचा आहे.

ओले लाकूड कातावयास मऊ, सोपे. पटाशी त्यातून लोण्यासारखी जाते. पण लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्तुळांच्या कडेच्या दिशेने आक्रसते. परिणामी आज बरोबर गोल कातलेले ओले लाटणे काही महिन्यांत लंबगोल होते. डोळ्यांस ते दिसत नाही. पोळपाटावर मात्र ते लंगडते, आणि पोळीवर पट्टे उमटतात. म्हणून लाकूड आधी वाळले पाहिजे. जाडीच्या दर इंचास एक वर्ष असा सुतारकामात एक जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो काळ कमी होतो खरा, पण येथेच नागपूरची खरी अडचण आहे. वैशाखातला कोरडा, भाजून काढणारा वारा लाकडाचे बाहेरचे अंग झपाट्याने वाळवितो, आतले ओलेच राहते, आणि तुकड्याच्या तोंडावर चिरा पडतात. त्या टाळण्यासाठी दोन्ही तोंडांस शेणाचा, मेणाचा वा रंगाचा लेप देऊन लाकूड सावलीत, हवा खेळेल असे रचून ठेवावे लागते. पुढे आषाढ-श्रावणात हेच लाकूड हवेतील ओल पिऊन पुन्हा थोडे फुगते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिलेले लाकूड बरेचसे स्थिरावते. मग त्याच्यावर पटाशी लावावी.

या थांबण्याचे मोल कोण देतो? वर्षभर सावलीत पडलेले लाकूड म्हणजे कातणाऱ्याचे अडकून पडलेले भांडवल. ओल्या लाकडाचे लाटणे आणि वाळलेल्याचे, बाजारात शेजारी शेजारी, सारख्याच भावाने पडून असतात, आणि ओल्याचे तर बहुधा अधिक तुकतुकीत असते. ग्राहक स्वस्त ते उचलतो. अशा स्थितीत जो कातारी थांबतो तो तोट्यात जातो, आणि जो थांबत नाही त्याला कोणी दोष देत नाही. कारण लाटणे लंगडू लागते तेव्हा सण केव्हाच संपलेला असतो आणि सुगरण आपल्याच हाताला दोष देत बसते.

लाकूड कोणते, हाही प्रश्न आहेच. सागवान म्हणताच वैदर्भीयांची छाती फुगते आणि ते स्वाभाविक आहे. आलापल्लीच्या जंगलांचा हा साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागाचे लाकूड गेले ते आपल्या बल्लारपूरहून. पण दाराचे गुण निराळे आणि लाटण्याचे निराळे. सागाच्या अंगात मोठी रंध्रे वर्तुळाकार ओळींनी असतात. त्यांत कणीक शिरून बसते. लाटण्यास बारीक, घट्ट पोताचे लाकूड हवे. शिसव उत्तम, वजनदार, महाग. बाभूळ कठीण आणि चिवट. धार लवकर बोथट करणारी. आंब्याचे हलके, स्वस्त, पण डाग धरणारे. आणि विदर्भाच्या वनांतला हळदू, पिवळसर, मऊ स्पर्शाचा, कातकामास जणू मुद्दाम निर्मिलेला. कापडगिरण्यांतील सूत गुंडाळावयाच्या लाकडी बॉबिना याच हळदूच्या करीत असत. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्या नागपुराची दिनचर्या अनेक पिढ्या चालली, त्या नगरीस बॉबिन म्हणजे काय हे सांगावे लागू नये. ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. गांधीबागेच्या कापडबाजारात आज जे कापड मांडलेले असते, त्याचे सूत लाकडाच्या बॉबिनवर गुंडाळलेले असण्याचा संभव फारच थोडा.

जुन्या गोष्टींविषयी लिहिताना लेखणी हळवी होते, म्हणून एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. विजेपूर्वीचा सांगाडा दोन माणसांचा होता. कातारी भुईवर बसे, पटाशी हाताने धरी आणि पुष्कळदा पायाच्या बोटांनी तिला टेकू देई. समोर दुसरे माणूस दोरीला आलटून पालटून ओढ देई. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा उलटे. उलट्या फेरीत धार मागे घ्यावी लागे, म्हणजे अर्धे श्रम वायाच. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांच्या थडग्यात असेच यंत्र आणि अशीच दोन माणसे कोरलेली आहेत. ती दोरी ओढणारे हात कोणाचे? बहुधा घरातल्याच मुलाचे वा बायकोचे. आणि त्यांच्या नावाने मजुरी कोठे मांडली जात नसे. विजेच्या मोटारीने ते हात मोकळे केले. जुना सांगाडा गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या दोरीचे घट्टे आठवावेत. मोटार लाकूड वेगाने फिरविते, एकाच दिशेने फिरविते, यात वाईट काही नाही. लाकूड वाळण्याचा वेग मात्र मोटारीने वाढत नाही, एवढेच.

विनामोल हातांचा विषय निघालाच आहे, तर लाटण्याच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहावे. पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून चुलीसमोर बसणारी स्त्री अनेक पोळ्या लाटते, आणि पहिला मान बैलाचा, मग पुरुषमंडळींचा. ‘लाटणे’ या क्रियापदास दुसऱ्याचा वाटा बळकावणे असाही अर्थ आपल्या भाषेत चिकटला आहे. जी लाटते ती मात्र क्वचितच काही लाटते! हेच लाटणे एकदा रस्त्यावर आले होते. १९७२-७३ च्या महागाईच्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या सहस्रावधी गृहिणी थाळ्या आणि लाटणी वाजवीत निघाल्या. ‘लाटणे मोर्चा’ हे नाव तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचे झाले.

आता नंदीच्या चाकांकडे वळू. स्वस्त चाके करण्याची रीत सोपी: लाकडाचा गोल दांडा कातायचा आणि काकडीच्या चकत्या पाडाव्यात तशा त्याच्या चकत्या पाडायच्या. लाकूड ओले असेल तर अशा चकतीस वाळताना कडेपासून मध्याकडे जाणारी एक चीर हटकून पडते. कारण तेच, वर सांगितलेले असमान आक्रसणे. लाटण्यात जो दोष लपून राहतो, तो चाकात उघडा पडतो. फळीतून काढलेल्या, ज्याचे तंतू आडवे गेले आहेत अशा चाकाचे आयुष्य अधिक. त्यास श्रमही अधिक. तेव्हा नंदी घेताना त्याची शिंगे, झूल आणि डोळ्यांतले काजळ पाहून भुलावे, मुलांसाठी भुलावेच. पण एकदा नंदी उलटा करून चाकांच्या चकत्याही पाहाव्यात. मागच्या वर्षीचा, माळ्यावर ठेवलेला नंदी घरात असेल तर त्याची चाके काय सांगतात तेही पाहावे.

चाकांच्या रंगाविषयी दोन शब्द. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडास चिकटते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर वर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला काचेसारखी चकाकी आणतात. ही लाख म्हणजे एका चिमुकल्या किड्याचा स्राव. पळस आणि कुसुम या झाडांवर तो मिळतो, आणि पूर्व विदर्भाच्या वनांत या दोन्ही झाडांस तोटा नाही. खेळण्यास असा लाखेचा रंग शोभतो. तोंडात घालणाऱ्या लेकराच्या दृष्टीनेही तो बाजारू रंगाहून बरा. लाटण्याच्या मुठींवरही एखादी तांबडी-पिवळी रेघ असावयास हरकत नाही. परंतु पोळीस स्पर्श करणाऱ्या भागावर रंग, रोगण, काहीही नको. ते आज ना उद्या निघणार, आणि जाणार कोठे हे उघड आहे.

खरेदीस निघालेल्या वाचकांसाठी दुकानातल्या दुकानात करावयाची परीक्षा अशी. लाटणे काउंटरच्या काचेवर ठेवून हलकेच ढकलावे. ते थांबत थांबत, एखाद्या ठरावीक बाजूवर बसत गेले तर ते गोल नाही. डोळा काचेच्या पातळीवर आणून लाटण्याखाली उजेडाची फट दिसते का पाहावे. टोक निरखावे: वर्तुळे पूर्ण, एकात एक, आणि मध्यभागी गाभ्याचा ठिपका दिसला तर तो कोवळ्या फांदीचा वा झाडाच्या ऐन गाभ्याचा तुकडा आहे, तो चिरणार. वर्तुळांच्या कमानी दिसल्या तर उत्तम. नाकाजवळ नेऊन वास घ्यावा, रोगणाचा आला तर खाली ठेवावे. आणि विक्रेत्यास विचारावे, लाकूड किती दिवस वाळविलेले आहे? त्याला ते ठाऊक नसण्याची शक्यता पुष्कळ. तरी विचारावे. पाच-दहा ग्राहकांनी विचारले म्हणजे तो पुढच्या खेपेस कातणाऱ्यास विचारील.

घरी आणल्यावर त्यास पाण्यात बुडवून ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि उन्हात न टाकता सावलीत उभे करून वाळवावे. सणाआधी एकदा तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल हाताने चोळून, उरलेले पुसून टाकावे. श्रावणाच्या दमट दिवसांत त्यावर बुरशीची पांढरट झाक आली तर घाबरू नये, लिंबाच्या फोडीने व मिठाने घासून कोरडे करावे.

यंदाच्या पोळ्याची लाटणी आता बाजारात आली आहेत. पुढल्या पोळ्याची, जर कोणी ती तशी करणार असेल तर, अजून लाटणी झालेली नाहीत. तोंडांस शेणाचा लेप दिलेले चौकोनी तुकडे म्हणून ती कोठल्या तरी पत्र्याच्या छपराखाली, एकावर एक आडवी रचून, सावलीत पडली असतील.